तब्येत जास्त आहे

आमच्याकडे माणूस मेला असं कोणी सांगत नाही. निरोप घेऊन आलेला माणूस दारात उभा राहतो, वहाणा काढत नाही, दिलेलं पाणी अर्धं पितो आणि जमिनीकडे बघत म्हणतो, "तब्येत जास्त हाये. तुमाले बलावलं." एवढं ऐकलं की घरातली बाई चुलीवरचं भांडं उतरवते. ज्यांना समजायचं त्यांना समजलेलं असतं. पुढे कोणी काही विचारत नाही, कारण विचारणं म्हणजे त्या बिचाऱ्याच्या तोंडून नको ते वदवून घेणं. ही आमची सभ्यता. आता एखाद्याची तब्येत खरोखरच जास्त असली, तर तो निरोप कसा द्यायचा, याचा विचार कोणत्याच शहाण्याने करून ठेवला नव्हता.

हे आठवायचं कारण म्हणजे माझा भाचा. थोरल्या बहिणीचा मुलगा, पन्नाशीला आलेला. परवा तो जाड टायरची सायकल, डोक्यावर टोप आणि कमरेला पाण्याची नळी असा सगळा थाट करून देवलापारच्या पुढच्या जंगलात मुरमाच्या रस्त्यावरून फिरून आला. मोबाईलवर फोटो दाखवत म्हणाला, "मावशी, असा रस्ता तू जन्मात पाहिला नसशील." मला राग आला. मी म्हटलं, पाहिला आहे, आणि तोही साध्या लेडीज सायकलवर, तुझ्या आजीला मागे कॅरिअरवर बसवून. तो हसला. त्याला वाटलं मी थापा मारते आहे.

सत्तरचं दशक होतं. आमचं घर गांधीबागेच्या मागच्या एका गल्लीत, वडील सरकारी कचेरीत कारकून. मी कॉलेजात होते आणि नागपुरातल्या बहुतेक मुलींसारखी सायकलने जात होते. सायकल माझी स्वतःची होती, आणि पंक्चरही मी स्वतःच काढायची. त्यात मोठेपणा काही नव्हता. कॉलेजच्या वाटेवरचा पंक्चरवाला मुलींना उगाच अर्धा अर्धा तास उभं करून ठेवायचा, आणि मला उभं राहणं आवडत नसे.

आईचं माहेर बावनथडीच्या काठी. तिथे तिचा एकुलता एक भाऊ, तिच्याहून धाकटा, शेती करायचा. आजी लवकर गेली होती, म्हणून आईनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तो तिला 'बाई' म्हणायचा आणि आमच्या घरी आला की तिच्या हातची भाकर चुलीजवळच बसून खायचा, पाटावर नाही. पण ज्या दिवसाची गोष्ट सांगते आहे, त्या दिवसापर्यंत त्या दोघांचं बोलणं बंद होऊन चार वर्षं झाली होती.

कारण माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न. लग्नात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, ते त्याचं मानाचं काम. लग्न वैशाखात, नागपुरात. मामा आदल्या दिवशी पोचायचा होता, तो आलाच नाही. मुहूर्ताची वेळ झाली, भटजी घाई करू लागले, वरपक्षाची मंडळी घड्याळं बघू लागली. शेवटी वडिलांच्या एका मावसभावाला मामा म्हणून उभं केलं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि त्या वाजंत्रीतच मामा मांडवात शिरला. अंगावरचा नवा सदरा लाल मुरमाने माखलेला, हात काळे. म्हणाला, "बाई, रस्त्यात पंचर झाली. मंग चेन तुटली. सडकेपर्यंत सायकल ढकलत आलो, एसटी चुकली."

आई आधीच रडकुंडीला आली होती. सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "रस्त्याचं नाव सांगू नको. ज्याले याचं असते तो येते."

मामाने भाचीच्या हातात आणलेला आहेर ठेवला आणि न जेवता परत गेला. त्यानंतर ना तो आला, ना आई गेली. दिवाळीच्या भाऊबीजेला आई चंद्राला ओवाळायची आणि कोणी भावाचं विचारलं तर "त्याले सवड नसते" म्हणायची. आमच्या आईचा राग हा असा. एकदा बसला की त्याला उठवायला कोणी धजत नसे, आणि ती स्वतः तर नाहीच नाही.

मार्गशीर्षातली सकाळ होती. वडील दौऱ्यावर गेले होते. मी कॉलेजला निघायच्या तयारीत, तेवढ्यात दारात एक माणूस उभा. मामाच्या गावचा, त्याच्या शेजारचाच. अंगावर घोंगडी, डोळे लाल, हातात धुळीने भरलेली सायकल. तो पहाटेच्या अंधारात गावाहून निघाला होता, सडकेपर्यंत सायकलवर आणि तिथून सायकल एसटीच्या टपावर टाकून नागपूरला. आईने पाणी दिलं. त्याने अर्धं प्यायलं, भांडं खाली ठेवलं आणि जमिनीकडे बघून म्हणाला, "बाई, भावाची तब्येत जास्त हाये. तुमाले बलावलं."

आईने चुलीवरचं वरण उतरवलं. पदर कमरेला खोचला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तोंडही नेहमीसारखंच होतं, फक्त ती मला म्हणाली, "सायकल घे. दिवस बुडायच्या आत पोचलं पाहिजे." दिवस बुडायच्या आत कशाला, हे मला कळलं. मढं रात्रभर ठेवत नाहीत, दिवस मावळायच्या आत अग्नी देतात. तिला भावाचं तोंड बघायचं होतं.

सायकल नेण्याचं कारण सरळ होतं. आतल्या गावाकडची एकच एसटी होती, ती सकाळीच निघून गेलेली. देवलापारच्या पुढे सडक सोडून उजवीकडे मुरमाचा रस्ता जंगलात शिरतो. बैलबंडीने गेलं असतं तर गावात पोचेपर्यंत रात्र झाली असती. निरोप्याची सायकल होती, पण परक्या पुरुषाच्या मागे आई बसणं शक्यच नव्हतं. वडील घरी नव्हते, भाऊ मला नाही. राहिले मी. शेजारणीकडे किल्ली दिली आणि आम्ही निघालो.

बस स्टँडवर जाण्याआधी आई गांधीबागेत एका कापडाच्या दुकानासमोर उतरली. आमच्याकडे मातीला जाताना बहीण भावासाठी कोरं कापड नेते, त्याच्या अंगावर टाकायला. दुकानदाराला आईने हात पसरून लांबी दाखवली आणि म्हणाली, "पांढरं द्या." त्या दुकानदारानेही काही विचारलं नाही. आई गांधीबागेत भाव न करता कापड घेते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. कापड तिने पिशवीच्या तळाशी घातलं, वर माझा एक ड्रेस आणि तिचं लुगडं ठेवलं.

बसमध्ये निरोप्या पुढे बसला, आम्ही मागे. मला एकदा वाटलं, उठून विचारावं, नक्की काय झालं. मनसरच्या थांब्यावर मी धीर करून विचारलंसुद्धा, "मामांना काय झालं होतं हो?" तो म्हणाला, "ताप होता पोरी, लई ताप. चाल, आता पाहूनच घे." आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी जागेवर येऊन बसले. 'होता' म्हणाला, म्हणजे उरलीसुरली आशाही गेली.

देवलापारला टपावरून दोन्ही सायकली उतरवल्या. कॅरिअरवर घोंगडीची घडी बांधली, आई एका बाजूला पाय सोडून बसली, एका हाताने सीटची स्प्रिंग धरली, दुसऱ्या हाताने पिशवी. आई अंगाने भरलेली होती. सायकलचं पुढचं चाक उचलतं की काय असं मला वाटलं.

सडक संपली आणि मुरूम सुरू झाला. डांबरावर सायकल आपोआप जाते, मुरमावर तिला न्यावी लागते. वरचा थर सुटा असतो. वळणावर तो गोळा होतो आणि चाक त्यात शिरलं की हँडल स्वतःच्या मनाने फिरतं. बैलबंड्यांच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या, त्यांच्या मधल्या उंचवट्यावरून चालवावं तर गवत, चाकोरीतून चालवावं तर पॅडल कडेला घासतं. सगळा रस्ता आडव्या पन्हाळींचा, त्यावरून जाताना दात वाजतात. मागे आई. माझ्या पाठीला तिचा खांदा लागायचा आणि प्रत्येक खड्ड्याला तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघायचा, पण ती तक्रार करत नव्हती. एवढंच म्हणत होती, "पाय मार वं. पाय मार."

दोन्ही बाजूंना सागाचं जंगल. मार्गशीर्षात सागाची पानं वाळून पडायला लागतात, चाकाखाली आली की पापड मोडल्यासारखी वाजतात. मधूनच मोहाचं मोठं झाड, तेंदूची झुडपं, एखादा नाला, त्यावर दगड टाकून केलेला रपटा. नाल्यात उतरताना आई उतरायची, चढताना आम्ही दोघी चालायचो, वर गेलं की पुन्हा बसायची. इतकं सुंदर होतं सगळं, आणि मला त्या सुंदर असण्याचाच संताप येत होता. मामा गेला आणि झाडांवर पोपट ओरडत होते.

निरोप्या पुढे जायचा, थांबायचा, पुन्हा पुढे जायचा. घाटाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिथून खाली नदीचं खोरं दिसलं. वाळूचा पांढरा पट्टा, त्यात पाण्याची निळी रेघ, पलीकडे कापलेल्या धानाची पिवळी शेतं आणि त्यात आईचं गाव. आई ते बघत उभी राहिली. मग निरोप्याला म्हणाली, "भाऊ, तुमी पुढं जा. आम्ही येऊन राहिलो म्हणून सांगा. थांबा म्हणा." त्याने मान हलवली आणि उतारावरून भुर्रकन निघून गेला.

आम्ही मागे राहिलो. तो उतार मी जन्मभर विसरणार नाही. माझ्या सायकलला लोखंडी कांबीचे ब्रेक, मागे आईचं वजन, आणि खाली सुटी खडी. ब्रेक दाबला की चाक घसरायचं, सोडला की सायकल सुटायची. मी पाय जमिनीला घासत घासत उतरवत होते. आई डोळे मिटून माझ्या कमरेला धरून होती. नदी जवळ आली, उतार संपला, मी सुस्कारा सोडला आणि मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा, बोटाएवढा.

आई खाली उतरली. चाकाकडे बघितलं. सूर्याकडे बघितलं. मला वाटलं आता ती मला बोलणार, पण ती काठावरच्या एका दगडावर बसली आणि मागच्या रस्त्याकडे बघू लागली. मी सीटखालची चामड्याची थैली काढली. टायरची एक बाजू सोडवली, ट्यूब ओढून नदीच्या पाण्यात धरली. बुडबुडे एका जागेवरून नाही, दोन जागांवरून आले. पॉलिश पेपरने घासलं, सोल्युशन लावलं आणि ते वाळायची वाट बघत बसले. सोल्युशन घाई करून चालत नाही, ओल्यावर पट्टी बसत नाही. अशा वेळी माणसाला काही करता येत नाही, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

आई अजून रस्त्याकडेच बघत होती, आम्ही आलो त्या उताराकडे. लहानपणापासून ती या वाटेने गेली होती, पण बंडीत बसून, खाली तणसाची गादी, वर ताडपत्री. बंडीतल्या माणसाला रस्ता लागत नाही, तो बैलांना लागतो. ती म्हणाली, "वैशाखात तं हे सारं तापत असन."

मी हो म्हटलं.

"नवा सदरा घालून आला होता," ती म्हणाली. "माह्या भावाची सायकल इथंच बसली असन. हाच काटा. अन् हा घाट तो चढून गेला, ढकलत." तिने पदर तोंडाला लावला. "मी त्याले म्हटलं, रस्त्याचं नाव सांगू नको. साऱ्यांसमोर म्हटलं वं मी. आता कोणाले सांगू?"

मी पट्टी दाबून धरली. इतक्या जोराने दाबली की अंगठा पांढरा पडला. त्या क्षणी मला एवढंच पाहिजे होतं, की ही ट्यूब हवा धरू दे आणि ते लोक थोडं थांबू देत. चितेवर का होईना, आईला त्याच्याशी दोन शब्द बोलू देत.

ट्यूबने हवा धरली. चपला हातात घेऊन आम्ही नदी ओलांडली. पाणी पोटरीएवढं आणि गार. सायकल मी खांद्याला टेकवून वाळूतून ओढली. पलीकडच्या शेतांमधल्या पांदीतून पुन्हा आईला बसवलं आणि शेवटचं राहिलेलं सगळं बळ काढून पाय मारले. गावाच्या वेशीवरच्या मारुतीपाशी पोचलो तेव्हा सूर्य हातभर वर होता.

तिथे आई उतरली. डोक्यावरून पदर घेतला आणि हेल काढून रडायला लागली. मातीला गेलेल्या बाईने वेशीपासून रडत जायचं, ही रीत. सकाळपासून कोंडून धरलेलं सगळं त्या हेलात बाहेर पडलं. "माह्या भावा रे, मले सांगता का नाही गेला रे, माह्या हातची भाकर खाता का नाही गेला रे." मी सायकल धरून मागून चालत होते, आणि मीही रडत होते.

लोक दारादारातून बाहेर आले. बायका तोंडाला हात लावून बघत राहिल्या, दोघी-तिघी तर काही न विचारता आमच्यासोबत रडत चालू लागल्या. रडणाऱ्या बाईला आधी साथ द्यायची, कोणासाठी ते मागून विचारायचं, अशी माणसं ती. घर दिसलं आणि घरातून मामी धावत आली. तिने आईकडे पाहिलं आणि असा हंबरडा फोडला की झाडावरचे कावळे उडाले. "माह्या बाईचं कुकू पुसलं वं देवा. माह्या भाऊजीले कसं नेलं रे देवा."

भाऊजी म्हणजे माझे वडील. मी आईच्या कपाळाकडे पाहिलं. घामाने आणि मुरमाच्या धुळीने तिचं कुंकू केव्हाच पुसलं गेलं होतं, कपाळ कोरं. दौऱ्यावर गेलेल्या वडिलांचं काही झालं आणि ते इथे आमच्या आधी पोचलं की काय? एका दिवसात मामाही आणि बाबाही? सायकल हातातून पडली. आई आणि मामी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि दोघी वेगवेगळ्या माणसासाठी रडत होत्या, हे त्या अंगणात कोणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात सपरीतल्या, म्हणजे ओसरीवरच्या, बाजेवरून आवाज आला. खोल गेलेला, पण वैतागलेला.

"अवं, पन गेलं कोन?"

मामा बाजेवर बसला होता. अंगावर दोन घोंगड्या, दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, हातात पेजेचा वाडगा. त्याच्या बाजूला आमचा निरोप्या तंबाखू मळत होता.

आई रडायची थांबली. मामी थांबली नाही, तिला अजून काही उमगलं नव्हतं. आई तिच्या मिठीतून सुटली, सपरीच्या पायऱ्या चढली आणि मामाच्या समोर उभी राहिली. त्याच्या कपाळाला हात लावला. मग गालाला, मग दंडाला. घोंगडी बाजूला करून त्याचे पायसुद्धा चाचपून पाहिले. मग तिथेच शेणाने सारवलेल्या जमिनीवर मटकन बसली.

"पेज थंडी होऊन राहिली," ती म्हणाली. "पे आधी."

मला तेव्हा काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. मांडीचे स्नायू थरथरत होते, तळहात सोलून निघाले होते, आणि मी अंगणात पडलेल्या सायकलजवळ बसून हसत होते. कोणीच मेलं नव्हतं. ना मामा, ना बाबा. मामीला जेव्हा कळलं की भाऊजी धडधाकट आहेत आणि आई तिच्याच नवऱ्यासाठी रडत होती, तेव्हा तिने आधी कपाळाला हात लावला आणि मग कुंकवाचा करंडा आणून आईच्या कपाळावर एवढं मोठं कुंकू लावलं की ते नाकापर्यंत सांडलं.

मग सगळे निरोप्यावर तुटून पडले. तो बिचारा पार गोंधळून गेला. म्हणाला, "मी काय खोटं सांगतलं? हिवताप होता. पहाटे तं लई जास्त होता, 'बाई बाई' करून राहिला होता. जास्त होता तं जास्त सांगतलं. दुपारी उतरला, ते मले नागपुरात कसं समजन? अन् तुमी म्हटलं थांबा म्हणा, मी सांगतलं थांब."

"हो," मामा म्हणाला. "मीबी इचार केला, आपल्याले जाचं कुठी हाये?"

आईने तिथल्या तिथे नियम केला. यापुढे या घरातून कोणीही निरोप आणला तर आधी माणूस जिता आहे की नाही ते सांगायचं, मग बाकीचं. तो नियम त्यांनी अक्षरशः पाळला. पुढे मामीने लोणचं पाठवलं, तरी आणणारा माणूस आमच्या दारात उभा राहून आधी म्हणायचा, "सारे जिते हायेत," आणि मग बरणी पुढे करायचा. आमचे शेजारी त्याला वेडा समजत.

पिशवीतलं कापड तेवढं राहिलं होतं. मी लुगडं काढताना ते घडीसकट बाहेर पडलं, कोरं, पांढरं. सगळ्यांनी पाहिलं. आई घाईघाईने म्हणाली, "सदऱ्याले आणलं." मामाने कापडाची लांबी पाहिली, बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाला, "सदऱ्याले लई झालं बाई. दोन पायजामेबी होतीन." आईला ते नदीत सोडायचं होतं, पण मामीने ऐकलं नाही. चांगलं कापड वाया कशाला घालवायचं म्हणून तिने त्याचं वाळवणावर झाकायचं फडकं केलं.

दिवे लागले तेव्हा मामाने पेज संपवली होती. गर्दी पांगली होती. आई त्याच्या उशाशी बसली होती, पण अजून दोघं एकमेकांकडे बघून बोलत नव्हते. मध्ये ती चार वर्षं होतीच. मग मामाने विचारलं, "काहून वं बाई, इतका उशीर? हा तं केव्हाचाच येऊन बसला."

आईने त्याच्या घोंगडीची कड सारखी केली. "पंचर झाली," ती म्हणाली.

मी मामाकडे पाहिलं. मांडवातलं ते वाक्य त्याने परत केलं असतं, तर कोणी त्याला दोष दिला नसता. मी असते तर नक्की केलं असतं, माझी जीभ अशा वेळी थांबत नाही.

"नदीच्या उतरणीवर ना?" मामा म्हणाला. "तिथं बाभळीचे काटे लई."

"हो," आई म्हणाली. "पाहिली मी ती जागा."

एवढंच. त्यावर पुन्हा कधी कोणी एक शब्द काढला नाही. सकाळी आईने चूल पेटवली आणि भाकरी टाकल्या. मामाला डॉक्टरांनी भाकर मना केली होती. तो तरी चुलीजवळ येऊन बसला, आणि आईने त्याला भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून दिला.

मामा हिंडायला लागेपर्यंत आम्ही राहिलो. निघालो त्या दिवशी तो काठी टेकत नदीपर्यंत आला, काठावरच्या बाभळीच्या फांद्या त्याने काठीने बाजूला सारल्या आणि पलीकडे पोचेपर्यंत उभा राहिला. घाट आम्ही पायी चढलो. माथ्यावर पोचल्यावर आईने मागे वळून पाहिलं. तो अजून वाळूत उभा होता, एवढासा.

आई कॅरिअरवर बसली. मी सायकल सुरू केली. जंगल तेच होतं, पोपट तेच ओरडत होते, आणि आता मला त्यांचा अजिबात राग येत नव्हता. पुढचा रस्ता सडकेकडे हळूहळू उतरत जातो, त्यामुळे पाय फारसे मारावे लागत नव्हते. आई माझ्या पाठीमागून म्हणाली, "तो मेला म्हणून आली मी."

मी म्हटलं, "माहीत आहे मला."

"तसं नाही. नुसतं आजारी हाये, ये, असं कोणी सांगतलं असतं, तं नसती आली. म्हटलं असतं, पाहू. जाईन दिवाळी-बिवाळीले." तिने मांडीवरची पिशवी सारखी केली. "मेल्याचं तोंड पाहाले इतकी धावली, अन् जित्याचं चार वर्षं नाही पाहिलं. असं कोन करते वं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं तसा समोरचा रस्ता धूसर झाला, मी ते पुसलं नाही, कारण मुरमावर एक हात सोडता येत नाही. येताना लागलेल्या सवयीने मी जोरात पाय मारायला लागले.

"हळू चालव," आई म्हणाली. "आता कायची घाई हाये?"